उष्टी हळद

१९७३ साली वडिलांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला मी साताऱ्यात एका दवाखान्याच्या बाकावर बसले होते. शेजारी रजेवर आलेले दोन फौजी होते, नाथाजी आणि गुंडा. नाथाजीच्या रक्ततपासणीचा कागद यायचा होता.

"गुंडा, मी त्या कोठीवरल्या बाईचा नुसता मुका घेतला आन् भाईर आलो."

"ठावं हाय की. मीबी हुतो न्हवं संगट?"

"गरमीचा रोग झाला आसंल तर?"

"मुक्यानं? डागदर काय म्हनला?"

"तिच्या ओठावर फोड नसंल तर भ्याचं कारन न्हाई म्हनला. फोड न्हवता."

"मग रगत कशापायी दिलंस, खुळ्या?"

"परवा माझी उष्टी हळद नवरीकडं जानार. माझ्या अंगाची हळद ती लावनार, गड्या. तिला लागलं म्हंजी?"

"हळदीनं जखम बरी हुती."

"तुला हसाय काय जातंय!"

कंपाउंडरने हाक मारली. नाथाजी आत गेला आणि कागद घेऊन आला.

"काय बी न्हाई निघालं! चल, एष्टी गाठू."

"तू हो म्होरं."

"आन् तू?"

"रगत देऊन येतो."

"तुला रं कशाला?"

"मी मुक्यावर थांबलो न्हवतो."