आमचा फोटो उठत नाही

सन्माननीय अध्यक्ष निंबा आबा, प्रमुख पाहुण्या सुनंदाबाई, जिल्ह्यातले माझे फोटोग्राफर भाऊबंद, चोपड्याहून आलेली माझी गिऱ्हाइकं, आणि दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेल्या जिवलीबाई, तुम्हा सगळ्यांना नवल चौधरीचा नमस्कार.

बेचाळीस वर्षांनी दुकान बंद करतोय, म्हणून तुम्ही हा निरोपाचा कार्यक्रम ठेवलात. शाल दिलीत, मानपत्र दिलंत. 'सातपुड्याच्या पायथ्याचं जीवन जपणारा कलावंत' असं त्यात लिहिलंय. सूत्रसंचालन करणाऱ्या भूषणने ते वाचलं तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. तुम्हाला वाटलं असेल, काय विनय आहे! विनय कसला डोंबलाचा, मला लाज वाटत होती.

दाराशी लावलेला मोठा फोटो सगळ्यांनी पाहिलाच असेल. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, गळ्यात ढोल घेतलेला गडी, शेजारी चांदीची कडी घातलेली बायको, तिच्या कडेवर पोर. खाली पट्टी होती, 'एक पावरा कुटुंब, १९८८'.

ते 'एक कुटुंब' म्हणजे सुका, जिवली आणि त्यांची उषा. मग नावं का नव्हती? गावातल्या गिऱ्हाइकाच्या निगेटिव्हच्या पाकिटावर मी नाव, गाव, तारीख सगळं टाकायचो. डोंगरातल्या पाड्यांवरच्या आदिवासींच्या पाकिटावर मात्र एकच शब्द, 'डोंगर'. अशी तीन खोकी भरली. म्हटलं, कोण येतंय विचारायला!

पण आल्या की हो! त्याच श्रावणात सुकाला साप चावला, तो गेला. दिवाळीच्या तोंडावर जिवलीबाई पाड्यावरून चालत दुकानात आल्या, उषा पाठीला बांधलेली. म्हणाल्या, "भाऊ, त्याना फोटू दे." सुकाचा फोटो मागत होत्या. दुकानात गर्दी, खोकी माळ्यावर. शिडी लावायची, शेकडो 'डोंगर' एकेक करून उजेडात धरायचे. कंटाळा केला मी, दुसरं काही नाही. वर हसून म्हणालो, "बाई, काही लोकांचा फोटो उठतच नाही. तुमचा नाही उठला." गिऱ्हाइकं हसली, मीही हसलो. बाईंनी पाणी मागितलं, प्यायल्या आणि निघून गेल्या.

दोन महिन्यांपूर्वी माझी नात हेमांगी ती खोकी स्कॅन करायला बसली, तर हाच फोटो निघाला. लख्ख! तुम्ही तो दाराशी लावायचं ठरवलंत आणि माझं जेवणावरून मन उडालं. गेल्या आठवड्यात हेमांगीला घेऊन पाडा शोधत गेलो.

उषाताई भेटल्या. आता चाळिशीच्या आहेत. म्हणाल्या, "माझ्या लग्नात आईनं फोटोवाल्याला दारातून परत धाडलं. 'आमना फोटू उठस नही' म्हणे." नातवंडांच्या बारशाचाही फोटो नाही. जिवलीबाईंच्या आधार कार्डावर चेहऱ्याच्या जागी काळा डाग आला, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. माझ्या एका थट्टेपायी, मंडळी, त्या घराच्या भिंती कोऱ्या राहिल्या.

मी फोटो जिवलीबाईंच्या हातात दिला. सुकाच्या तोंडावरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "हाऊ ते मना नातूएवढाच दिखस." मी अंगणातच बसलो आणि सांगितलं, की त्या दिवशी मी खोटं बोललो. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी इतकंच विचारलं, "म्हंजे आमना उठस?"

आबा, शाल नाकारायचं नाटक मी करत नाही. पण मानपत्रातली ती ओळ खोडा. फोटोखालची पट्टी मघाशीच बदलली, आता तिथे तिघांची नावं आहेत. कार्यक्रम संपला की तो फोटो जिवलीबाईंबरोबर घरी जाईल. उरलेले 'डोंगर' घेऊन मी आणि हेमांगी पाड्यापाड्यांवर फिरणार आहोत. उशीर झालाय, कितीजण भेटतील ठाऊक नाही.

आज कॅमेरा आणलाय. फोटो काढू का, असं येताना जिवलीबाईंना विचारलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

तुम्ही इतक्या लांबून आलात, शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचे उपकार आहेत. आजच्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या दिवशीचं ते एक वाक्य मात्र घालू नका.

भूषण, तो पुढचा दिवा लाव रे. उषाताई आईचा पदर सारखा करताहेत.