बिनइस्तवाचा डाग

अपेक्षा: “सुया फुकट हायत्या आत्ती, तू योजनेचं कार्ड तेवढं दे.” असंच म्हनला हुता न्हवं तुमी, आकारामकाका? मग सलाईन लावून आज्जीचा फोटू कशाला काढला?

आकाराम: तशी रीत असती तिथली. तू शाळा सोडून घरात बसलीस, तुला योजनेतलं काय कळतंय?

अपेक्षा: शाळा सोडली, डोळं न्हाई सोडलं.

हरणाबाई: च्या पी रं आकाराम. हिचं त्वांडच तसलं. त्या आकुपंचरच्या सुयांचा गुडघ्याला लय गुन आला बग. काल उकिडवी बसून शेळीची धार काढली म्या.

अपेक्षा: येऊ दे की गुन. मी सलाईनचं इचारतीया. काय गेलं त्यातनं तुझ्या अंगात?

हरणाबाई: काय बी न्हाई. नळी नुसती चिकटवली वरनं. हिरवा झगा घातला, पांघरूण टाकलं, म्हनले डोळं मिटा.

अपेक्षा: आन तू मिटलंस.

हरणाबाई: आकाराम म्हनला, ह्यो बिनइस्तवाचा डाग हाय. मेंढरामागं फिरताना माझा बा दुखऱ्या गुडघ्याला इस्तवात तापवल्या सळीनं डाग द्यायचा. तवा बी गप पडायचं. इचारलं की गुन जातो.

अपेक्षा: बगा काका. आज्जीला कशानं गप करायचं, ते बरोबर ठावं हाय तुमाला.

आकाराम: मी फकस्त मानसं गाडीत घालून विश्रामबागंतल्या दवाखान्यात सोडतो. कागदाचं सायेब बगत्यात.

अपेक्षा: काल मिरजंला गेलते, दवाखान्यात. मंगळवारी आजोबाच्या काळजात स्प्रिंग बसवायची हाय. तिथली बाई म्हनली, सुयांना ह्ये कार्ड चालतच न्हाई, आपरेशनला चालतं. मग आज्जीचा अंगठा कशावर घेतला तुमच्या सायबानं?

आकाराम: हळू बोल की. शेजारी ऐकत्यात.

अपेक्षा: ऐकू द्या. आज त्यास्नीच न्ह्यायला आलाय न्हवं?

हरणाबाई: आकाराम, योजनंत सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असती म्हनं. माझ्यावरच सपली, तर ह्येंचं कसं रं?

आकाराम: सपत न्हाई आत्ती.

अपेक्षा: मग कार्ड द्या माघारी.

आकाराम: सायबाकडं ऱ्हायलंय.

हरणाबाई: मगाशी तर म्हनलास, घरी इसरलो.

अपेक्षा: आता बोला.

हरणाबाई: तू थांब गं. आकाराम, माझ्याकडं बगून सांग बाळा. माझं कसलं आपरेशन झालं?

आकाराम: मला निघायला पायजे आता, आत्ती. गाडीत मानसं बसल्यात.