आफ्रिकान्स नाटकाच्या रांगेत

सिंगापूरच्या नाट्यमहोत्सवात दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेतल्या नाटकाच्या रांगेत पद्माकर उभे होते. पत्नी शुभा गेल्यानंतरचं हे पहिलंच नाटक, तरी सवयीने तिकिटं दोन काढली होती. पुढे एक मराठी जोडपं होतं.

“प्रणव, आईंना आणायला हवं होतं. उद्या पुण्याला चालल्यात.”

“आईला आफ्रिकान्स कुठे कळतं?”

“तुला कळतं?”

“वर पडद्यावर इंग्रजी येतं ना. छोट्या भाषा जगल्या पाहिजेत, निहारिका.”

“आपली इरा महिनाभर आजीशी इंग्रजीत बोलली. तेव्हा कुठे होता पडदा?”

“हळू बोल.”

“इथे कोणाला मराठी कळतंय?”

पद्माकरांनी दुसरं तिकीट पुढे केलं.

“आजींना टॅक्सीने बोलवा. अजून अर्धा तास आहे.”

“काका, आईला यातलं काही कळणार नाही.”

“मलाही नाही. मध्यंतरात आम्ही दोघं मराठीत बोलू.”