लांब पट्टी आणि उरलेला चौकोन

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या मॅडम, त्यांना निदान आज तरी वेळेवर घरी न्यायला आलेले त्यांचे यजमान, आणि चहाच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या प्रयोगशाळेतल्या मित्रमैत्रिणींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोन शब्दांवर मी कधी थांबले आहे का?

मॅडमच्या हाताखाली आम्ही दोघं एकदमच आलो. मी, आणि तो मागे माइकचा आवाज सांभाळतोय ना, आपला किरकिऱ्या. काम एकच. तारेच्या वेटोळ्यात लोखंडाचा तुकडा ठेवायचा, चुंबक हळूहळू जवळ आणायचा आणि लोखंड आतल्या आत कसं कुरकुरतं ते स्पीकरवर ऐकायचं. मॅडमचा हात आखडता, हे यजमानांना मी काय सांगणार? त्यांनी एकाच पत्र्यातून तुकडे कापले. मला लांब पट्टी, त्याला उरलेला चौकोन.

माझी पट्टी बराच वेळ मूग गिळून बसायची आणि मग एकदम कडाडायची. त्याचा चौकोन आपला सारखा चरचर, चरचर. पत्रा एक, मग आवाज दोन कसे? तो म्हणायचा, "तुझी जोडणी सैल आहे." मी म्हणायचे, "तुझे कान सैल आहेत." शेवटी बोलणंच बंद. काही सांगायचं असलं तर आम्ही फळ्यावर लिहायचो, तेही पाठ फिरवून.

मग मॅडमनी दोन्ही स्पीकर एका टेबलावर मांडले, डोळे मिटून ऐकलं आणि पोट धरून हसल्या. "अरे वेड्यांनो, दोघांचंही बरोबर आहे. आखूड तुकड्याची टोकं जवळजवळ, ती आतल्या चुंबकत्वाला उलटं रेटतात. मोठी उसळी निघतच नाही, म्हणून तो थोडं थोडं कुरकुरतो. लांब पट्टीला तो अडसर कमी, ती उसळली की उसळली. लोखंड तेच आहे, भांडता कशाला?" हे सांगताना त्या लोखंडाकडे नाही, आमच्याकडे बघत होत्या.

परवा किरकिऱ्याने मला लग्नाचं विचारलं. मी गप्प. तेव्हापासून तो थोडं थोडं विचारतोच आहे, "मग? ठरलं का काही?" आत्ताही माझा आवाज उगाच कमीजास्त करतोय. मॅडम, मला हे तुमच्यादेखत सांगायचं होतं, म्हणून परवापासून कळ काढून थांबले.

हो रे बाबा, हो.

मॅडम, तुमचे उपकार फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत. मंडळी, इतकं ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही अधिकउणं बोलले असेन तर लांब पट्टी म्हणून पोटात घाला. आणि जरा मागे बघा कुणीतरी, किरकिऱ्या पहिल्यांदाच गप्प झालाय.