पदकाशेजारचा मणी

कोल्हापूरच्या स्टँडवर शेवंताबाई कोडोलीच्या गाडीची वाट बघत होत्या. शेजारी त्याच गाडीसाठी थांबलेले, माळा ओवणारे म्हातारे रफिकभाई आणि त्यांची नात नुजहत. नुजहतच्या हातात शाळेच्या प्रदर्शनासाठी आजोबांनी ओवलेली मण्यांची ग्रहमाला होती.

“दादा, सगळं चुकलंय! सूर्याला चिकटून गुरू?” नुजहत आजोबांना म्हणाली.

“सूर्य म्हंजे पदक. पदकाशेजारी मोठाच मणी लागतो. पन्नास वर्सं तसंच ओवतोय.”

“सूर्याजवळ बुध असतोय. सगळ्यांत बारका.”

“पदकाजवळ बारका? शोभंल व्हय?”

“शोभायचं न्हाय, बरोबर पायजे. अकराला बाई बघणार. वर्गातनं माझं एकटीचंच नाव दिलंय त्यांनी.”

रफिकभाईंनी दातानं दोरा तोडला आणि ते शेवंताबाईंकडे वळले.

“ताई, पदर धरा जरा. मणी सांडतील. हं नुजहत, सांग एकेक.”

“बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ. मग गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून.”

“आपली पृथ्वी कुठली ह्यातली?”

“ही निळी.”

“एवढीच?”

“एवढीच.”

शेवंताबाईंनी पदरातला निळा मणी उचलून दिला. त्यांच्या लग्नातल्या माळेलाही मोठा मणी पदकाशेजारीच होता.

गाडी लागली.

“दादा, चला!”

“आता बरोबर हाय?”

“एकदम बरोबर.”

“शोभत न्हाय,” रफिकभाई म्हणाले आणि त्यांनी पक्की गाठ मारली.