पाचवा डोह

रोवेना : हललास तर बघ! पाय दगडाला टेकव, पाठ मागे टाक. हं, अस्सा. आता सांग, ती म्हातारी मेली कधी?

जुनरे : कुठली म्हातारी?

रोवेना : जिच्या नावाचा हा डोह आहे ती. सेल्दा. तोंडात दात नसलेली, धुणं धुताना पाय घसरून बुडालेली. लग्न झालं त्याच आठवड्यात तू सांगितलं होतंस. नऊ वर्षं मी मृतांच्या दिवशी तिच्या नावाने मेणबत्ती लावतेय, जुनरे.

जुनरे : अगं, गाईडची परीक्षा चालू आहे तुझी. खाली परीक्षक एबर्तो उभा आहे. आधी मला खाली सोड, मग काय ते बोल.

रोवेना : सोडते ना. दोर माझ्याच हातात आहे.

जुनरे : तीच तर भीती आहे.

रोवेना : काल एबर्तो मानोंगनी डोहांची यादी दिली, पाठ करायला. पाचवा डोह, क्रिसेल्दा आबेयाना. आडनावासकट! ती कुठे मेलीय? ती कॅनडात आहे. तिची आई दर रविवारी चर्चमधून येताना माझ्याकडून भाजलेली कोंबडी नेते आणि माझ्याकडे बघून हसते. मला बापडीला वाटायचं, कोंबडी आवडते म्हणून हसते.

जुनरे : आवडतेच. तुझ्या हाताला चव आहे.

रोवेना : मस्का नको. जिवंत बाईच्या नावाने नऊ मेणबत्त्या! उचक्या लागून लागून हैराण झाली असेल तिकडे.

एबर्तो (खालून) : काय झालं गं वर? दोर अडकला का, इंदाय पोरी?

रोवेना : नाही, मानोंग! पाहुण्याला सूचना देतेय!

एबर्तो : सूचना थोडक्यात द्यायच्या! पाहुणा गारठतो!

रोवेना : गारठू दे मेल्याला.

जुनरे : परीक्षेत पाहुणा म्हणून घरचाच माणूस दोराला बांधायचा, हा नियम कुठल्या गाढवाने केला कोण जाणे.

रोवेना : तूच केलास. गाईडांच्या बैठकीत हात वर करून. घरच्याला जो सांभाळू शकत नाही, त्याच्या हाती परक्याचा जीव द्यायचा नाही म्हणे. घरी येऊन छाती फुगवून सांगत होतास. आता बोल. तुझं नि तिचं किती दिवस चाललं होतं?

जुनरे : दोन वर्षं. पण तुझी-माझी ओळखसुद्धा नव्हती तेव्हा. मग ती गेली कॅनडात, म्हातारी माणसं सांभाळायच्या कामावर. संपलं.

रोवेना : मग तिची म्हातारी कशाला केलीस?

जुनरे : तू विचारलंस, सेल्दा कोण? आणि असं बघितलंस माझ्याकडे! घाबरलो. जे तोंडाला आलं ते बोलून गेलो. म्हटलं, उद्या खरं सांगू. दुसऱ्या दिवशी तू मेणबत्ती घेऊन आलीस. मग काय सांगणार, कपाळ?

रोवेना : आणि तिचं नाव डोहाला कुणी दिलं? तूच ना?

जुनरे : मी कशाला देऊ? या वाटेवर तशीच रीत आहे. पहिली उडी ज्याची, डोह त्याच्या नावाचा.

रोवेना : पहिली उडी तर सगळीकडे तुझी! पाहुण्यांना सांगतोस, घरी सांगतोस, परवा माझ्या भावालासुद्धा ऐकवलंस.

जुनरे : बऱ्याचशा माझ्याच. इथे पाय उचलेना. चार दिवस येत होतो आणि परत जात होतो. पाणी काळं, तळ दिसत नाही. पाचव्या दिवशी ती आम्हा गाईडांचा डबा घेऊन आली. म्हणाली, किती वेळ लावतोयस रे, आणि मारली की उडी. स्कर्टसकट.

रोवेना : म्हणजे तुला घाबरलेलं तिने बघितलं.

जुनरे : हो.

रोवेना : चार दिवस घाबरत होतास?

जुनरे : पाच. ती आली त्या दिवशीसुद्धा.

रोवेना : मला नऊ वर्षांत एकदासुद्धा नाही दाखवलंस. वादळात आपलं छप्पर उडालं तेव्हाही शीळ घालत होतास. तिला सोन्याची साखळी दिली असतीस ना, तर मी गळ्यातून ओढून आणली असती. हे कसं परत आणू?

जुनरे : आता बघ की. पाय लटपटताहेत माझे.

रोवेना : ते थंडीने.

जुनरे : थंडीने नाही, रोवेना.

रोवेना : आठवते का अजून? खरं सांग.

जुनरे : रोज नाही. रोज ते नुसतं नाव असतं. उंची किती, उडी कुठे मारायची, तसंच नाव. पण पाऊस होऊन पाणी काळं झालं की आठवते. वर्षातून एक-दोनदा.

रोवेना : म्हातारीच बरी होती. मी जाते परत. कोंबड्या भाजत बसते. रोज हसून हसून त्या बाईचं नाव परक्या लोकांना सांगायचं, हे मला जमायचं नाही.

जुनरे : वेडी का तू? सहा महिने या दोरावर हात सोलून घेतलेस. या वाटेवरची पहिली बाई होणार आहेस तू.

रोवेना : पहिली ती. डबा घेऊन आलेली.

एबर्तो : इंदाय! सेबूहून पाहुण्यांची गाडी नऊला येतेय! डोहाचं नाव सांगितल्याशिवाय पाहुणा खाली सोडायचा नाही! पाठ नाही का? नापास करू?

जुनरे : ऐक, मी एबर्तोशी बोलतो. नाव बदलून टाकू. रोवेनाचा डोह.

रोवेना : तिने मारलेली उडी माझ्या नावावर? उष्टं खाणारी वाटले का मी तुला?

जुनरे : मग काय करू मी?

रोवेना : गप्प लटकून राहा. मानोंग! ऐका! मंडळी, हा पाचवा डोह, सेल्दाचा! उंची पंधरा हात! उजवीकडे पाण्याखाली खडक आहे, उडी डावीकडेच मारायची! इथे पहिली उडी मारली क्रिसेल्दा आबेयाना हिने, स्कर्टसकट! सोबत एक गाईड होता, तो पाच दिवस काठावर उभा राहून घाबरत होता!

एबर्तो : हे यादीत नाही!

रोवेना : खोटं आहे का?

एबर्तो : खोटं कसं असेल? मी होतो ना तिथे! सोड त्याला.

(दोर हळूहळू सुटत जातो. खाली पाण्यात पाय पडल्याचा आवाज.)

एबर्तो : हळू सोडलंस, नीट सोडलंस. पास! उद्यापासून ये कामावर. तुमची जोडीच लावतो, एक वर, एक खाली. या डोहावर वर थांबून नाव कोण सांगणार ते आपसात ठरवा.

जुनरे : वर मीच थांबतो, मानोंग. नेहमीसारखा.

रोवेना : नाही! तू खाली थांबायचंस, पाण्यात! वर मी! तिचं नाव रोज मी सांगेन, हसून सांगेन! तुझ्या तोंडून मला ते परत ऐकायचं नाही.