दाभणचे एकशे बारा लेख

हॅलो?… अगं मी, मामा… नाही, नाही, तब्येत ठीक आहे… हो, गोळी घेतली… अगं ऐक ना. एका पत्राबद्दल विचारायचंय. उत्तर न दिलेल्या पत्राबद्दल.

मला आलेलं गं. दोन वर्षांपूर्वी. दाभणचं… दाभण गं, आमच्या ग्रंथालयातला बाइंडर. उंच, काटकुळा, बोलला की टोचणारा… हां, तोच, तुझा फाटका शब्दकोश शिवून दिला होता तो.

त्याने लिहिलं होतं, 'आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली. आता स्वतः लिहून वेबसाइटवर टाकतोय. तू वाच आणि कळव. दुसऱ्या कुणाचं मला पटायचं नाही.'

नाही ना दिलं उत्तर… अगं, बसलो होतो लिहायला. सात मसुदे केले. 'छान' लिहिलं तर तोंडदेखलं वाटेल, चूक दाखवली तर त्याचा हिरमोड. आणि मी कोण लागून गेलो सांगणारा? आठवडा गेला, महिना गेला, मग उशिराचीच लाज वाटायला लागली… हसू नकोस.

पण वाचलं मी! सगळं वाचलं. तू ते फीड रीडर बसवून दिलंस ना… हो, तेच. साइट उघडून शोधायला नको, त्याने नवं काही लिहिलं की दुधाच्या पिशवीसारखं दारात हजर. चहा घ्यायचा, लेख वाचायचा. वाचला की ठळक नाव फिकं होतं. एकशे बारा लेख, एकही ठळक राहू दिला नाही.

आणि आज सकाळी… थांब, चष्मा… वाचून दाखवतो. 'शेवटचा टाका. दोन वर्षांत एकानेही हूं की चूं केलं नाही. ज्याच्यासाठी लिहीत होतो तोही फिरकला नाही. आज दुपारी बाराला साइट बंद करतोय.'

मी फिरकलो नाही? दर आठवड्याला मी… काय?… त्याला दिसत नाही?… अजिबात?… मग ते फिकं होतं ते?… फक्त माझ्याकडे?

हं… हं… ऐकतोय. बसलो जरा.

नाही गं, तुझी काय चूक. मला वाटायचं, आमच्या ग्रंथालयातल्यासारखं असेल. पुस्तकाच्या शेवटी चिठ्ठी असायची ना, कुणी नेलं, कधी नेलं. दाभण पुस्तक शिवायला घेतलं की आधी ती चिठ्ठी बघायचा. 'कार्ड्या, हे तू तीनदा नेलंस' म्हणायचा… मला, मला. कार्डं लिहायचो, म्हणून कार्ड्या. वाटलं, तशीच कुठेतरी माझी नोंद पडतेय. त्याला कळतंय. मग वेगळं उत्तर कशाला…

दोन वर्षं, बाळा.

फोन? केला सकाळीच. तो नंबर आता दुसऱ्या कुणाचा आहे. एका बाईंना तीनदा उठवलं, तिसऱ्यांदा त्या काय म्हणाल्या ते तुला सांगण्यासारखं नाही. आणि पत्र बारापर्यंत पोहोचणार कसं?

त्याच्या साइटवरच लिहायचं? कुठे दाबू?… लेखाच्या नावावर? मग ते रीडरच्या बाहेर जाईल ना?… जायलाच हवं? बरं. 'कार्डांचा माणूस' उघडतो, चौदावा… हो, माझ्यावरच आहे. माझ्या बुजरेपणावर. चारदा वाचलाय. वाचून पंधरा दिवस आरशात बघवेना.

उघडलं… अरेच्चा! पिवळसर पान आहे गं, आणि कडेने टाके काढलेत, शिवणीसारखे. दोन वर्षांत पहिल्यांदा बघतोय. मला तिकडे नुसती अक्षरं दिसायची.

खाली?… जातोय, जातोय… हं, 'प्रतिक्रिया'. एक आहे. कुणाची ती… त्याचीच.

थांब, वाचतो.

'कार्ड्या, हे तुझ्यावर आहे. चुकलं असेल तर रागाव, पण बोल.' खाली तारीख. पावणेदोन वर्षांपूर्वीची.

हे मला आलंच नाही गं. लेख आला, हे नाही आलं… हो, एकदा जरी तिकडे गेलो असतो तर… एकदा! तो दारात बसून वाट बघतोय आणि मी आपला खिडकीतून पिशवी ओढून घेतोय.

किती वाजले?… साडेअकरा! सांग, कुठे लिहू… हो, चौकट आहे. नाव सक्तीचं आहे?… 'कार्ड्या' लिहितो. कुणी हाक मारली नाही त्या नावाने कित्येक वर्षांत.

हे सगळ्यांना दिसणार का?… हं… आत्तापर्यंत कुणालाच दिसलं नाही, त्याने काय भलं झालं… बोललीस खरं. अगदी आईवर गेलीस.

नको, आधी कागदावर नको. आठवा मसुदा केला तर बारा वाजतील. लिहितोय, ऐक. 'दाभणा, एकशे बाराच्या एकशे बारा वाचले. चौथ्यात एक साल चुकलंय. शिवण कुठेही सुटलेली नाही. तुझ्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते हे.'

सालाचं काढू?… नको गं, राहू दे. त्यावरूनच त्याला पटेल खरंच वाचलंय म्हणून.

'पाठवा'वर बोट आहे… घाई करू नकोस… दाबलं.

गोल फिरतंय… अजून फिरतंय…

पडलं.

त्याच्या ओळीच्या बरोब्बर खाली. वर पावणेदोन वर्षांपूर्वीची तारीख, खाली आजची… आणि मध्ये बोटभरही जागा नाही गं.

नाही, नाही, रडत नाहीये… तू ठेव आता. मी इथेच बसतो… रीडरमध्ये नाही, इथे. त्याच्या पानावर. ठेव.